लागोस ते मुंबई

(पेणजवळचं खाडीकाठचं गाव, दुपार. आफ्रिकेतल्या लागोस शहरात वेल्डिंगच्या कामावर उंचावरून पडून अक्षय वारला, त्याला सतरा दिवस झाले. ओटीवर त्याचे वडील महिपती आणि बायको अनिता.)

महिपती : आनि विमान किती वेल उडतं म्हनलीस?

अनिता : दोन विमानं आहेत, मामा. लागोसवरनं पाच तासांनी अदिस अबाबा. तिथं सहा तास थांबायचं. मग पुढं मुंबईला आणखी पाच तास.

महिपती : म्हंजे सोळा. आनि अंतर?

अनिता : सरळ रेघेत साडेसात हजार किलोमीटर.

महिपती : रोह्याला कामाला व्हता तवा येश्टीनं दीड तासात घरी यायचा. त्या मधल्या गावात ठेवतील कुटं त्याला?

अनिता : सामानाच्या गोदामात. थंड खोली असते, असं ह्यांना तिकडं पाठवणाऱ्या एजंटच्या ऑफिसातला माणूस म्हणाला.

महिपती : संगती कोन?

अनिता : कोणी नाही.

महिपती : सोळा तासांचा रस्ता. मंग सतरा दिस कशात गेले गो?

अनिता : कागद होत नव्हते.

महिपती : दोन हप्ते तो मानूस तुजा फोन घेत नव्हता. सोमवारी तू एकटी पेणला गेलीस, आनि आज त्याची पेटी सुटली. सोमवारी काय झालं?

अनिता : चहा टाकते.

महिपती : चा नको. बस.

अनिता : एका कागदावर माझी सही हवी होती. पहिल्याच आठवड्यात पाठवला होता त्यांनी. मी घरात बोलले नाही.

महिपती : काय हाय त्यात?

अनिता : की चूक ह्यांची. कंपनीनं सुरक्षेचा पट्टा दिला होता, हे तो न लावता वर चढले.

महिपती : अक्षय? पट्ट्याबिगर?

अनिता : पट्टे नव्हतेच तिथं. हे फोनवर सांगायचे, मागितला की उद्या देतो म्हणतात. मी सोमवारी त्या माणसाला दोनदा सांगितलं, मामा. तो म्हणाला, वहिनी, तुमचं खरं असेल. पण मग चौकशी लागणार, आणि ती संपेपर्यंत पेटी हलणार नाही. सहा महिने, वर्ष, कोणी सांगावं.

महिपती : आनि सही केली तर?

अनिता : तर कंपनीवर काही नाही. पुढं कुठं जायचं नाही, बोलायचं नाही.

महिपती : केलीस.

अनिता : केली. झेरॉक्सच्या दुकानात, उभ्या उभ्या. आई रोज सकाळी विचारतात, निघाला का. मला आणखी एक दिवस नाही म्हणवेना. पण मी ह्यांना खोटं पाडलं, मामा.

महिपती : मला सांगायचंस. मी आंगठा दिला आसता.

अनिता : बायकोचीच सही लागते.

महिपती : तुजी पोर, मृणाली, मोठी झाली का वाचंल तो कागद.

अनिता : त्याआधी मी सांगेन तिला, काय झालं ते.

महिपती : मी हाय तवर मी बी सांगन. कवा उतरतं विमान?

अनिता : उद्या सकाळी नऊला. घरच्या एका माणसानं आत जाऊन ओळख पटवायची असते. मी जाते.

महिपती : तू नको. सही तू केलीस. आनायला मी जातो.