बाटलीतला धूर

…जन्मभर या धुरात डोळे मी फोडून घेतले आणि नाव कुणाचं झालं? समोरच्या वेर्नरचं! तुम्हाला सांगतो, आमच्या बॉर्नहोम बेटावर हेरिंग मासा धुरवायचा म्हणजे ओलसर लाकूड, मंद आच, भट्टीपुढून हलायचं नाही… आणि हा पठ्ठ्या? बाहेरून गोठवलेले मासे आणतो, बाटलीतल्या धुराच्या अर्कात बुचकळतो, पिवळा रंग फासतो, की झाला आजोबांच्या हातचा हेरिंग! भट्टी नुसती शोभेला! मांजर व्यालं होतं तिच्यात!

मी चिडलो की बायको, एडेल, म्हणायची, "अरे एस्कील, कळेल रे लोकांना एक दिवस!" वेर्नरनं दुसरं दुकान थाटलं… "कळेल रे!" व्यापारी मंडळानं त्याला मानाची ढाल दिली, वर गौरवाचं भाषण माझ्याच गळ्यात… ही टाळ्या वाजवता वाजवता कुजबुजते, "कळेल रे!"

आणि कळलं हो! त्याच्याच कामगारानं टीव्हीवर बाटल्या दाखवल्या! मी नवा शर्ट चढवला, दुप्पट मासे लावले, दारात उभा! आता रांग इकडे वळणार… वळतेय कसली! दुसऱ्या दिवशी वेर्नर टीव्हीवर ढसाढसा रडला, "चुकलो मित्रांनो, चुकलो!" आणि लोक काय म्हणाले? "बघा, किती प्रामाणिक माणूस!" त्याला धीर द्यायला बोटी भरभरून आले! माझ्याकडे एकच बाई. मासा हुंगला, डोळे बारीक केले, "खरं सांग, तुझी बाटली कुठंय? त्यानं निदान कबूल तरी केलं!"

आता नसलेली बाटली कबूल कशी करू?

दुकान बसलं. मग वेर्नरच आला, खांद्यावर हात टाकून, "एस्कील, माझ्या भट्टीत खराखुरा जाळ करशील? मासे नकोत रे, दाराशी नुसता वास हवा." मी एडेलकडे पाहिलं. म्हटलं, आता म्हणेल, कळेल रे… ती खिडकीबाहेर बघत राहिली.

तर आता मी इथं त्याच्या भट्टीपुढं बसून जाळ करतो, माझा अस्सल धूर थेट आभाळात जातो. दुपारी वेर्नर जेवायला त्याचा हेरिंग पाठवतो. मी तो मुकाट्यानं समुद्रपक्ष्यांना टाकायचो. काल मात्र फार भूक लागली होती, खाल्ला एक. आणि तुम्हाला सांगतो… कुणाला बोलू नका हं… माझ्या हातच्यापेक्षा चांगला लागतो हो!