कावेरीनं मागितला सहावा नंबर

मंडळी, आधी मला एक सांगा — देवापुढं हात जोडल्यावर मागायचं किती? भरमसाट मागायचं, का मोजून? पेटीवाले, हसू नका, तुम्ही काय मागता ते मला ठाऊक आहे!

ऐका तर. आमच्या खडकवळणात कावेरी वाघमोडे नावाची मुलगी. बारावीला. मेंढरामागं माळावर पळून पायांत असं बळ आलेलं, की शाळेचे मास्तर सायकलवर असून मागं राहायचे. दसऱ्यानंतर जिल्ह्याची शर्यत — माळावरून चार फेऱ्या. पहिल्या सहाजणी राज्याच्या स्पर्धेला जाणार. आणि वयोगटात कावेरीचं हे शेवटचं वर्ष. हुकलं की हुकलं.

पण गावाला धीर कुठला? शर्यत रविवारी, आणि गुरुवारीच स्टँडवर फ्लेक्स! 'जिल्ह्यात प्रथम आल्याबद्दल कु. कावेरी हिचे हार्दिक अभिनंदन!' लावला कुणी? तरुण मंडळाचा अध्यक्ष सोपान खरात. फ्लेक्सवर कावेरी एवढीशी, सोपान केवढा! आणि कोपऱ्यात आशीर्वादाचा हात वर करून एक महाराज. कोण? अहो, मीच! खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं. येता-जाता मान वर करून बघायचो.

शुक्रवारी संध्याकाळी कावेरी बिरोबाच्या देवळात आली. मला म्हणाली, "महाराज, देवाला सांगा, मला सहावा नंबर दे."

मी म्हटलं, "अगं, देवापुढं कुणी सहावा मागतं का? पहिला माग की."

"गेल्या वर्षी पहिलाच मागितला होता. सुटल्या सुटल्या सगळ्यांच्या पुढं गेले. तिसऱ्या फेरीत छाती भरली आणि कडेला बसले. मला पहिलं यायचं नाही महाराज, मला राज्याला जायचंय. तो फ्लेक्स बघितला की पोटात गोळा येतो. उतरवते मी. तुम्ही शिडी धरता?"

आता आली का पंचाईत! माझा फोटो होता हो त्यावर! पण धरली. सोपान धावत आला, गावाचं नाक वगैरे बोलायला लागला. कावेरी वरूनच म्हणाली, "सोपानदादा, पळायचं मला आहे. तिकडची दोरी सोड." त्यानं मुकाट्यानं सोडली.

रविवारी सोपान आणि मी, दोघंही शर्यतीला गेलो. शिट्टी वाजली, मुली सुटल्या — आणि कावेरी अकरावी! सोपान कडेनं ओरडतोय, "कावेरे, पुढं हो, पुढं!" ती ढिम्म. आपल्या चालीनं पळतेय. दुसऱ्या फेरीत नववी. मी बिरोबाचं नाव घेत घेत धोतराचा सोगा चुरगाळून टाकला. तिसऱ्या फेरीत, गेल्या वर्षी जिथं बसली होती, तिथं आली तेव्हा सातवी. तिथं तिनं दातओठ खाल्ले मंडळी, आणि मग पळाली! जपून ठेवलेलं सगळं बळ चौथ्या फेरीत बाहेर काढलं. पुढं पिवळ्या बनियनची एक मुलगी, शेवटची रेघ दहा पावलांवर — आणि कावेरीचा पाय तिच्या आधी पडला. कितवी? सहावी! मागितलं होतं तेवढंच. मी रडलो, सरळ सांगतो.

स्टँडवर उतरलो तर हलगीवाला तयार उभा. "कितवा नंबर?" "सहावा," कावेरी म्हणाली. हलगीवाला सोपानच्या तोंडाकडं बघत राहिला. सोपान म्हणाला, "बघतोस काय? पोरगी राज्याला चालली. वाजव."

तो फ्लेक्स आता वाघमोड्यांच्या कडब्यावर आहे. पाऊस आला की पाणी माझ्या तोंडावरून वाहतं आणि कडबा कोरडा राहतो. माझा आशीर्वाद फळला तो असा!

हसलात ना सोपानला? मग आता तुमच्याकडं वळतो. पोरगं परीक्षेला बसायच्या आधीच पाहुण्यांत त्याला डॉक्टर करून टाकलेले इथं किती बसलेत? मान खाली घालू नका, मी नावं घेणार नाही. पण तुमचं लेकरू तो फ्लेक्स रोज बघतंय, आणि त्याच्याही पोटात गोळा येतोय. आज घरी जा आणि त्याला विचारा, बाबा, तुला स्वतःला काय हवंय? ते सांगेल तेवढंच देवाकडं मागा. मग त्यासाठी त्याला जीव तोडून पळू द्या.

कावेरीची शिडी मी धरली, मंडळी. तुमच्या घरची कोण धरणार?