मामांची किडनी बर्फात

अनुसयाबाई ‘हो’ म्हणाल्या. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण कोहमाऱ्याच्या बसथांब्यावर त्या अजून ‘नाही’वरच अडून बसल्या होत्या. नागपूरच्या दवाखान्यात नवऱ्याचा मेंदू मेला होता आणि किडन्या दान करायच्या की नाही, हे त्यांनीच सांगायचं होतं. नर्स असलेली भाची प्रेरणा समजावत होती. बाकावर शेजारी बसलेला प्रवासी विवेक बसची वाट पाहणं केव्हाच विसरला होता.

“किडनीतलं रक्त धुऊन काढतेत?”

“हो मामी. मग थंडगार औषधी पाणी भरून बर्फात ठेवतेत.”

“काय राहते त्यात?”

“मीठ राहते, एक प्रकारची साखर राहते.”

“अवो माय! लोणचं घालून राहिले का माणसाचं?”

“तसं नाही वो. नुसत्या बर्फात किडनी फुगून खराब होते. ह्या पाण्यानं फुगत नाही, झोपून राहते.”

“मंग उठते कवा?”

“दुसऱ्याच्या पोटात रक्त लागलं का उठते. कधी कधी टेबलावरच लघवी सुरू करते.”

“डॉक्टरसमोर?”

“डॉक्टर खुश होतेत, मामी.”

विवेकने आ वासला तो मिटलाच नाही. अनुसयाबाई प्रेरणाकडे वळल्या.

“देतो म्हणून सांग त्याहीले. पण एक अर्ज लिही.”

“कायचा अर्ज?”

“लिही. आमचे हे भर मे महिन्यातही कढत पाण्यानंच आंघोळ करत. तरी ज्याले किडनी भेटंल, त्यानं जन्मभर गार पाणी अंगावर घेऊ नये, असा आदेश काढण्यात यावा, ही नम्र विनंती.”