नडगीतली पट्टी

नाही हो डॉक्टरसाहेब, पेशंट नाही आला संगं — मी एकटीच आली. अमडापूरचे, बंडीचं चाक गेलं होतं ज्याईच्या नडगीवरून — नाव मी कसं घेऊ, तुमीच समजून घ्या. तुमी म्हटलं होतं ना, हाड जुळलं का वरीसभरानं आणजा, आतली पट्टी काढून टाकू — मंग आणली. हे पाहा, फडक्यात हाये. इस्क्रूसुद्धा. नाही, दुसऱ्या कोण्या डॉक्टरनं नाही काढली. राख सावडताना सापडली.

पायाचं काही नाही — पाय तं पक्का झाला होता, बंडी हाकत, नांगर धरत. कावीळ झाली न् गेले. तुमी काय करान त्याले. मी रडून नाही राह्यली, पाहा ना — येतच नाही रडू. बाया म्हणतात दगडाची हाये. असन. आता पंचाईत अशी का हाडं गोळा केले तं हे त्याच्यातच — महाराज म्हणे, लोखंड अस्थीत चालत नाही, काढा. सासूबाई म्हणे, सरणातलं लोखंड घरात नको, दवाखान्याचं दवाखान्यात नेऊन दे. तवापासून गोठ्यात ठेवली होती, म्हणून आली. तुमचंच होये ना हे? — का त्याईचं? तुमी तं नडगी उघडून पाहेल हाये, तुमाले ठाऊक असन.

पलस्तर होतं तवर घरीच होते. लग्नाले इतके वर्सं झाले, पण बोलणं काय ते तेव्हाच झालं — मी भाकरी थापो, ते खाटेवरून बोलत. काय बोलत? — काही बी. लहानपणचं, मायचं. पलस्तर काढल्यावर म्हणे, हात लावून पाहाय, लोखंड लागते का. लागे — कातडीखालीच, टणक. मंग पाय बरा झाला, वावरात जाऊ लागले, अन् पुन्हा तेच — जेवाले वाढ, पाणी दे. मले तं वाटे का हा पाय — जाऊ द्या. काय वाटे ते आता सांगून काय होते.

हात कायले पुढं केला? — नाही, थांबा. द्यालेच आली होती, खरं हाये. पण तुमी हे धुवान, पुसान, कुठं डब्यात टाकून देसान, अन् मंग ते कोणाचंच नाही राह्यणार. सासूबाईले सांगन, देऊन आली म्हणून. द्या ते फडकं इकडं. बाहेर लोकं खोळंबले तुमचे — बोलवा दुसऱ्याले.