बाई घरी नाईत

हसू नका, लाज वाटते अजून. भद्रावतीत ऑटिझमवाल्या पोरींना चारचौघांत बोलणं-वागणं शिकवते न मी? वर्ग सुटला की सवयीनं म्हणते, “या न कधी घरी!”

विशीतली प्रणाली एका रविवारी माजरीहून बसनं खरंच आली. सुट्टीच्या दिवशी कोण बोलत बसते? मी आत लपली. नवऱ्यानं दारातून सांगितलं, “बाई घरी नाईत.”

प्रणाली म्हणाली, “चप्पल तर इथीच आहे त्यांची. पण वाद नाई घालायचा, त्यांनीच शिकवलं.” नमस्कार करून गेली.

सोमवारी वर्गात वही उघडून तिनं विचारलं, “बाई, घरी असून नाई म्हणणं मले जमत नाई. तो धडा कधी घेता?”

डोळ्यात पाहून बोला म्हणणारी मी, फळ्याकडे पाहून राह्यली होती.