रक्त कशाला पायजे?

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि या रुग्णालयाच्या विश्वस्त माननीय पूर्णिमाताई, व्यासपीठावरील सर्व ज्येष्ठ डॉक्टर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आदरणीय डॉक्टर इरावती मॅडम, परिचारिका भगिनी, कर्मचारी बंधू, आणि कोडोलीहून जीप भरून आलेली माझी माणसं, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी अनुजा चौगुले, कोडोलीच्या शाळेत शिकवते. रुग्णांच्या वतीनं बोलायला माझं नाव मॅडमनीच सुचवलं, असं कळलं. मला जरा शंकाच आली. मॅडमना सर्वांत जास्त छळणारं कुटुंब आमचं. मग आम्हालाच का बोलावलं असेल?

माझे सासरे ऐन चाळिशीत पोटाच्या दुखण्यानं गेले. मागोमाग त्यांचे धाकटे भाऊ, तेही पोटानंच. पुढं माझे थोरले दीर उदयसिंह, तालमीत कमावलेलं शरीर, वर्षभरात वाळून गेले. अशा वेळी घरातल्या माणसांनी काय समजायचं? माझ्या सासूबाई धोंडुबाई, ज्यांना आम्ही आत्ती म्हणतो, त्यांचं उत्तर तयार होतं. "करणी केलीया. पलीकडच्या घरानं."

पलीकडचं घर म्हणजे चुलत दीर बाळासोंचं. मधे एक भिंत, आणि शेताच्या वाटणीचा कोर्टातला दावा. (बाळासोभावजींची परवानगी घेऊनच मी बोलते आहे. दाव्याचं काढायचं नाही, एवढीच त्यांची अट होती. ती मोडली, क्षमा असावी.) त्यांचे वडील, म्हणजे सासऱ्यांचे तेच धाकटे भाऊ, त्याच दुखण्यानं गेले, मग ते करणी कशाला करतील, असं मी एकदा विचारलं. आत्ती म्हणाल्या, "उलटली आसंल." त्या घरातून आलेला प्रसाद आम्ही गाईलासुद्धा घालत नव्हतो. भिंतीपलीकडं आमच्याबद्दलही हेच बोललं जातं, हे मला फार उशिरा कळलं.

मग माझे पती पृथ्वीराज यांना जिना चढताना धाप लागू लागली. शौचाला रक्त पडतं म्हणून मला न सांगता ते मूळव्याधीच्या गोळ्या खात होते. इथं आणलं तेव्हा मॅडमनी दुर्बिणीनं तपासलं. मोठ्या आतड्यात गाठ होती, कॅन्सरची. शस्त्रक्रिया झाली, माणूस वाचला. आम्ही पेढे घेऊन आलो. मॅडमनी पेढा हातात धरला आणि विचारलं, "सासरे कशानं गेले? त्यांचे भाऊ? वयं काय होती?"

आत्तींचे डोळे बारीक झाले. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "ही बाई आपल्या घरातली मढी का मोजतीया?"

पुढं मॅडमनी काढलेल्या गाठीची खास तपासणी करायला लावली, मग यांचं रक्त मागितलं. "रक्त कशाला पायजे? गाठ काढली न्हवं? इकत असतील!" आत्ती दवाखान्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. मॅडमनी ऐकलं आणि त्यांना खुर्ची दिली.

निदान आलं, लिंच सिंड्रोम. मॅडमनी ते आत्तींना समजेल असं सांगितलं. शरीरात चुका दुरुस्त करणारी एक यंत्रणा असते, या घराण्यात तिचा एक भाग जन्मापासूनच बिघडलेला आहे. मूल मुलगा असो की मुलगी, तो दोष त्याच्याकडं येण्याची शक्यता निम्मी. आला म्हणजे कॅन्सर होणारच असं नाही, पण धोका मोठा, तोही कमी वयात. वेळच्या वेळी दुर्बिणीनं पाहत राहिलं तर पुष्कळदा कॅन्सर कोंबातच काढता येतो. शेवटी मॅडम म्हणाल्या, "पलीकडच्या घरालाही सांगायला हवं."

मी गेले. बाळासोभावजी धार काढत होते. रक्त तपासायचं म्हटल्यावर त्यांनी चरवी खाली ठेवली. "वैनी, तुमी मास्तरीण हाईसा म्हणून म्या येडा न्हाय. डीएनए करणार, आन् कोर्टात सांगणार, ह्यो आमच्या भावकीतलाच न्हाय! वकिलानं शिकवून धाडलंय की तुमास्नी!"

मी परत आले.

आठवड्यानं ते मॅडमकडं स्वतःहून आले, पण वकिलाला घेऊन. हे रक्त कोर्टात वापरणार नाही, असं लिहून द्या म्हणाले. मॅडमनी लिहून दिलं. वकिलांना भाषा ढिली वाटली. मॅडमनी ते सांगतील तसं पुन्हा लिहिलं. वकील ते वाचत असताना मॅडमनी भावजींना हळूच विचारलं, "शेवटी शेवटी वडील जेवायचे का?"

भावजी म्हणाले, "न्हाय. पेज बी उलटायची. म्या भरवायचो." आणि त्यांनी बाही वर केली.

दोष त्यांच्यातही निघाला. दुर्बिणीत आतड्यात कोंब दिसले, त्यातला एक बिघडायच्या बेतात होता. तो तिथंच काढला. घरी येऊन ते भिंतीवरून ओरडले, "काकी, तुमच्या घरात जे हाय, त्येच माज्या बी अंगात हाय!"

आत्ती दारातच उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "जेवलास का?"

ते आले. पण आत्तींनी त्याच ताटातला पहिला घास खाल्ल्यावरच जेवले. दावा अजून चालू आहे.

आता माझं सांगते. माझी मुलगी मोना बावीस वर्षांची आहे. उन्हाळ्यात ती एकटीच मॅडमकडं येऊन रक्त देऊन गेली. निकाल काय, ते बोलली नाही. मॅडमना मी व्हरांड्यात गाठलं. त्या म्हणाल्या, "अनुजाताई, ती सज्ञान आहे. सांगायचं तेव्हा तीच सांगेल." मला राग आला. माझ्या पोटच्या पोरीचं मला सांगायला या बाईला काय होतं? तेव्हापासून मी मोनावर पाळत ठेवल्यासारखीच वागत होते. ताटात भाकरी टाकली का? फोनवर कुणाशी हळू बोलते? हसली तर का हसली? आत्तींना नावं ठेवणारी मी, त्यांच्याही पुढं गेले.

आज सकाळी इथं यायला निघताना ती माझ्या निऱ्या धरून बसली होती. खाली बघतच म्हणाली, "आई, बाबांची आणि बाळासोकाकांची दुर्बिणीची तारीख घेशील न्हवं, तवा तिसरी माझी घे."

तिला उठवून मी जवळ घेतलं. जीप बाहेर हॉर्न वाजवत होती. "भाषणात सांगू का गं?" मी विचारलं. "सांग की," म्हणाली. तिसऱ्या रांगेत बसली आहे ती, आजीशेजारी.

मॅडम, इतके दिवस तुम्ही मोनाचं गुपित एकट्यानं सांभाळलंत, माझे टोमणे ऐकूनही. मनापासून आभार. तुमच्या जागी येणारे डॉक्टर आदर्श इथं बसले आहेत. डॉक्टरसाहेब, आम्ही तुमच्यावरही संशय घेणार, आत्तापासून सवय करून घ्या. तारखा मात्र तिघांच्या एकाच दिवशी द्या, जीप एकच आहे.

आयोजकांनी मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, ऋणी आहे. घरातलं चारचौघांत बोलले. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर लेकीची काळजी लागलेल्या आईचं बोलणं म्हणून पदरात घ्या. नमस्कार.