ताडपत्रीखालचे बोंबील

शेवंती : …आणि बोंबील माझे, बांबू माझे, गच्ची माझी. ताडपत्री कुठं बांधायची ते माझ्या पोरीनं मला शिकवू नये.

निधी : आये, बोंबील सावलीत कोण सुकवतं?

शेवंती : मी.

निधी : अख्ख्या दांडा कोळीवाड्यात तू एकटी. किनाऱ्यावर मासळी सुकवायची आपली वलांडी रिकामी उभी आहे, तिथं वारं, तिथं ऊन. आणि तू गच्चीवर ताडपत्रीखाली बोंबील टांगलेस. वास बघ. मांजर हुंगून परत गेलं.

शेवंती : ऊन फार झालंय आजकाल. करपतात.

निधी : बोंबील करपतात! हे वनमालाकाकीला सांगते, हसून पडेल.

शेवंती : सांग ना. जा. दिवसभर तिथंच असतेस. सख्खी काकी गो ती. मी कोण?

निधी : झालं सुरू.

शेवंती : उठली की तिच्या गच्चीवर. बादली घेऊन. शाळेत होतीस तेव्हा चार ताटं घासायला सांगितली तर हात दुखायचे तुझे. आता तिचे सोलार पॅनल धुतेस.

निधी : तिचे नाहीत, आपल्या बायकांच्या गटाचे आहेत. खाऱ्या वाऱ्यानं मीठ बसतं त्यांच्यावर, पुसावं लागतं.

शेवंती : छप्पर तिचं ना?

निधी : कारण आपल्या गच्चीवर सकाळभर मागच्या टॉवरची सावली असते. तो मापं घ्यायला आलेला शौनक तुझ्यासमोरच बोलला.

शेवंती : समोर बोलला. चहा तिच्याकडे प्यायला.

निधी : आये, यार!

शेवंती : थोरली जाऊ मी. बायका गोळा केल्या मी. बर्फाच्या गाडीमागं धावायचं नाय, आपली वीज, आपली थंड खोली, हे दारोदार जाऊन बोलले मी. आणि आता दांड्यात सोलारवाली कोण? वनमाला. परवा पाहुणे आले तर तिच्या दारात खुर्च्या, तिच्या

निधी : पाहुणे गटाकडे आले होते

शेवंती : तिच्या दारात रांगोळी, तिचा फोटो, आणि हातात

निधी : आये

शेवंती : हातात माझ्या पाटल्या! माझ्याच मागून नेल्या. माझ्या पाटल्या फोटोत आल्या, मी नाय आले.

निधी : तुला बोलावलं होतं. तू डोकं दुखतंय म्हणालीस.

शेवंती : दुखतच होतं.

निधी : थांब, फोन. …हॅलो, बोला कृष्णामावशी. …काय? पापलेट पण नरम पडलं? …सगळ्यांचंच? …नाय नाय, खोली चांगली आहे. वायर. वायर सैल झाली असणार कुठंतरी. …मोडायचा कशाला गट? मावशी, ऐका तरी. खोली नव्हती तेव्हा संध्याकाळी पडेल भावात शेठला देऊन टाकायचो, ते विसरलात? …आये? तिला काय माहीत असणार. ती बोंबील सुकवतेय. …बरं, जमा सगळ्या. आलेच मी.

शेवंती : खोटं बोललीस.

निधी : तुझ्यासाठी.

शेवंती : मी सांगितलं नव्हतं.

निधी : आये, इकडे ये. कठड्याशी. खाली बघ, काकीच्या गच्चीवर. ते चौकोनी काळं काय पडलंय? दुपार कलली की तुझ्या ताडपत्रीची सावली. दोन पॅनलवर.

शेवंती : दोनच. बाकीचे आहेत की उन्हात.

निधी : तसं नसतं गं! एका माळेत ओवलेत ते. दोन झाकले की सगळे मंदावतात. बॅटरी भरत नाय, पहाटेपर्यंत खोली कोमट. तुला वाटलं काकीची वीज कमी होईल. अकरा जणींची मासळी गेली. तुझी सुरमईसुद्धा त्याच खोलीत होती.

शेवंती : माझी पण?

निधी : तुझी पण.

शेवंती : मोठी होती गो ती.

(वनमाला जिना चढून वर येते. पदराला हात पुसत उभी राहते.)

वनमाला : वयनी, पोरीवर ओरडू नको.

शेवंती : मी नाय, ती ओरडतेय. आणि तू कान देऊन होतीस?

वनमाला : दोन्ही गच्च्यांवर ऐकू येतंय.

निधी : काकी, ती सावली…

वनमाला : ठाऊक हाय. ताडपत्री बांधली त्या दिवसापासून बघते.

निधी : मग बोलली का नाहीस?

वनमाला : काय बोलू? बोलले असते तर भांडण झालं असतं. भांडणात तू हिची झाली असतीस, आईच ती. मग माझ्या गच्चीवर आली असतीस परत? मला पोर ना बाळ. सकाळी बादलीचा आवाज येतो वरून, तेवढंच.

शेवंती : म्हणजे तूपण.

वनमाला : मीपण.

निधी : वा! एकीनं सावली पाडली, दुसरीनं पडू दिली. मासळी नासली बाकीच्यांची. आता खाली सगळ्या बसल्यात, गट मोडायचा म्हणतायत. मी काय सांगू? वायर? मी नाय आता वायर सांगणार.

वनमाला : वाऱ्यानं ताडपत्री आडवी आली म्हणू.

शेवंती : वाऱ्यानं कोण चार गाठी मारतं, वनमाले? कोळणी आहेत त्या. गाठ ओळखतात.

वनमाला : मग?

शेवंती : मग काय. ते टोक सोड. …तसं नाय, ओढ. …हां. खाली मी बोलते. मीच बांधली, मीच काढली.

वनमाला : तुला काढतील गटातून.

शेवंती : शिव्या घालतील. काढतील तर काढू देत, खोली चालू राहू दे. पण एक. उद्यापासून पॅनल मी धुणार.

वनमाला : आणि निधी?

शेवंती : तिला सकाळी माझ्या घरात राहू दे जरा.

निधी : तू काकीच्या गच्चीवर, तर मी घरात कोणाचं तोंड बघत बसू?

वनमाला : वयनी, माझ्याकडे पॅनलपर्यंत लोखंडी शिडी चढावी लागते. तुझे गुडघे…

शेवंती : तू खाली धरून उभी राहा. हात काढू नको म्हणजे झालं.